थ्रॉटल बॉडी साफ केल्यापासून आयडलिंग (पाय अॅक्सिलरेटरवर नसतानाचा आरपीएम) ९०० ते १६०० वरखाली होतंय, काय काय बघू?

धायरी_फाटा

नमस्कार मंडळी, पोस्ट जरा मोठी आहे पण सगळं एकदाच लिहितो म्हणजे परत परत विचारायला नको.

गाडी २०१४ची पेट्रोल हॅचबॅक, १.२ लिटर, चार सिलेंडर, मॅन्युअल गिअर, ९० हजार किमी झालेत. नवीन घेतली तेव्हापासून माझ्याकडेच आहे. ऑइल, फिल्टर, ब्रेक पॅड ही कामं मी घरीच करतो, हत्यारं बरी आहेत, टॉर्क पाना पण आहे. उन्हाळ्यापासून एसी लावून सिग्नलला थांबलं की आरपीएम ६००च्या खाली यायचा आणि स्टिअरिंग थरथरायचं, म्हणून मागच्या रविवारी सोसायटीच्या पार्किंगमध्ये कामाला बसलो. चारही प्लग नवीन टाकले, पुस्तकात दिलेल्याच नंबरचे. एअर फिल्टर नवीन. आणि थ्रॉटल बॉडी, म्हणजे इंजिनात जाणारी हवा कमीजास्त करणारा भाग, काढून साफ केली, आत कार्बनचा चांगला जाड काळा थर होता, बटरफ्लायच्या (आतली हवेची झडप) कडेला तर अगदी गोल रिंग झाली होती. क्लीनर फडक्यावर घेऊन हळूहळू पुसलं, बटरफ्लायला बोटाने जोर दिला नाही. थ्रॉटल बॉडीची रबर सील चांगली होती म्हणून तीच परत बसवली. काम करताना बॅटरीचं निगेटिव्ह टर्मिनल काढून ठेवलं होतं.

आता प्रॉब्लेम असा की थंड इंजिन चालू केलं की आरपीएम १८००ला जाऊन बसतो, आणि गरम झालं की ९०० ते १६०० असं सारखं चालू, वर जातो, एकदम पडतो, परत वर जातो, आणि पाय अॅक्सिलरेटरवर नसताना. एसी लावला की मात्र हजाराच्या आसपास येऊन बऱ्यापैकी स्थिर होतो. चालवताना पिकअप मस्त आहे, आधीपेक्षा चांगलाच. पण वडगाव पुलाखालच्या ट्रॅफिकमध्ये पहिल्या गिअरला पाय काढला तरी गाडी पुढे ओढते, ते मला आवडत नाहीये. चेक इंजिन लाईट नाही.

ओळखीच्या एका गॅरेजवाल्याला फोन केला तर गाडी न बघताच म्हणाला थ्रॉटल बॉडी गेली, नवीन टाका. मला ते पटत नाहीये, कारण काम करायच्या आधी ती नीट उघडझाप करत होती. कुठून सुरुवात करू?

कर्वेनगर_कट्टा

ई२० पेट्रोल (२० टक्के इथेनॉलवालं), दुसरं काही नाही. २०२५ पासून पंपावर तेच मिळतंय आणि २०१४ची गाडी त्यासाठी बनलेलीच नाही. माझ्या मेहुण्याची गाडी पण अशीच थरथरते.

पाना_पक्कड

दादा, पेट्रोलचं नंतर बघू. शनिवारी गाडी एक वागत होती आणि रविवारी पाना लावल्यावर दुसरं वागते, मधे पंपावर गेलाच नाहीत, मग ज्याला हात लागला तिथेच आधी बघायचं. मी तीस वर्षांच्या वर गाड्यांचं काम करतोय, कार्ब्युरेटरच्या काळापासून, आणि अशी केस आली की मी नवीन पार्टचं नावच काढत नाही आधी.

पहिली गोष्ट, मिसिंग आहे का हंटिंग आहे ते वेगळं करा. मिसिंग म्हणजे एक सिलेंडर काम करत नाही, इंजिन ठराविक ठेक्यात धक्के देतं, काटा फार हलत नाही पण बोनेट थरथरतं आणि पिकअप मरतो. तसं असतं तर मी प्लग, कॉइलचा कनेक्टर, प्लगच्या चिनीमातीला तडा, हे बघायला सांगितलं असतं. तुमचा काटा आखाच्या आखा वरखाली होतोय आणि पिकअप छान आहे, म्हणजे प्लगचं काम तुम्ही बरोबर केलंय, त्याला परत हात लावू नका. हे हंटिंग आहे, आणि हंटिंग म्हणजे हवेचा हिशोब चुकतोय.

दुसरं, थ्रॉटल साफ केल्यावर लर्निंग केलं का? इतकी वर्षं कडेला कार्बन साचत गेला तसतसा ईसीयू, म्हणजे इंजिनाचा कॉम्प्युटर, बटरफ्लाय जरा जास्त उघडायला शिकत गेला. आता कार्बन गेला, पण त्याला वाटतंय तेवढंच उघडायचंय, म्हणून हवा जास्त जाते. बॅटरी काढल्याने काही गाड्यांत हे शिकलेलं पुसलं जातं, काहींत नाही, आणि पुसलं तरी परत शिकवावं लागतं. बऱ्याच गाड्यांना चालणारी पद्धत अशी: दिवे, एसी, ब्लोअर, म्युझिक सगळं बंद. चावी ऑन करून दहा-पंधरा सेकंद थांबा, ऑफ करा, परत थांबा. मग अॅक्सिलरेटरला पाय न लावता स्टार्ट करा, रेडिएटरचा फॅन एकदोनदा चालू बंद होईपर्यंत तशीच राहू द्या, मग एसी लावून अजून पाच मिनिटं. काही गाड्यांना स्कॅनर लावूनच करावं लागतं, तुमच्या मॉडेलचं मॅन्युअलमध्ये बघा.

तिसरं, थ्रॉटल बॉडी काढायला ज्या ज्या नळ्या बाजूला केल्या असतील त्या सगळ्या बघा. पीसीव्हीची (इंजिनातली ऑइलची वाफ ओढून घेणारी), ब्रेक बूस्टरची (ब्रेकला जोर देणाऱ्या डब्याची), कॅनिस्टर पर्जची (टाकीतली पेट्रोलची वाफ ओढणारी). इंजिन चालू ठेवून एकेक नळी पक्कडीने कापड लावून दाबायची, जिला दाबल्यावर आरपीएम खाली येईल तिकडे बघायचं.

आणि एक हात जोडून सांगतो, थ्रॉटल बॉडीवर एक छोटा स्क्रू असतो, त्यावर रंगाचा ठिपका असतो, त्याला हात लावू नका. कोणीतरी सांगेलच तो फिरवून आरपीएम कमी करा म्हणून. तो कंपनीत सेट झालेला असतो, एकदा हलला की मग खरंच थ्रॉटल बॉडी बदलायची वेळ येते.

बुलेटस्वार_हडपसर

सोपी युक्ती सांगतो, इंजिन चालू ठेवा आणि कार्ब क्लीनरचा स्प्रे सगळ्या जॉइंटवर मारत जा. जिथे लीक असेल तिथे इंजिन ते ओढतं आणि आरपीएम बदलतो. पाच मिनिटांत सापडतं.

चाकण_शिफ्ट

कृपया हे करू नका. युक्ती चालते, सगळे व्हिडिओ तेच दाखवतात, पण तो स्प्रे पेट घेणारा आहे आणि बऱ्याच छोट्या गाड्यांत तापलेला एक्झॉस्ट मॅनिफोल्ड हातभर अंतरावर असतो. बोनेटखाली भडका उडाला तर घरी विझवायला काय असतं आपल्याकडे? त्याऐवजी इस्त्री करताना पाणी शिंपडायची बाटली असते ना ती घ्या, साधं पाणी, आणि जॉइंटवर बारीक फवारा मारा. पाणी फटीवर क्षणभर बसतं, हवा कमी होते, आरपीएम हलतो. कॉइल आणि वायरचे कनेक्टर सोडून मारायचं एवढंच.

दुसरी काळजीची गोष्ट, पार्किंग बेसमेंटमध्ये आहे का? असेल तर हे लर्निंग वगैरे तिथे करू नका, गाडी बाहेर उघड्यावर घ्या. वीस मिनिटं इंजिन बंद जागेत चालू ठेवायचं म्हणजे कार्बन मोनॉक्साइड साठतो, त्याला वास नसतो, आणि वरच्या मजल्यावर लिफ्टच्या वाटेने पण जातो.

मी इंजिन कॅलिब्रेशनमध्ये काम करते त्यामुळे मला आकडे बघितल्याशिवाय बोलवत नाही. ब्लूटूथवाला छोटा ओबीडी स्कॅनर (ईसीयूतले आकडे आणि बिघाडाचे कोड दाखवणारा) मिळतो तो असेल तर लावा आणि पेंडिंग कोड, शॉर्ट टर्म आणि लाँग टर्म फ्युएल ट्रिम (ईसीयू पेट्रोल किती टक्के कमीजास्त करतोय ते) लिहून टाका. लाईट लागलेला नसला तरी पेंडिंगमध्ये कोड असू शकतो.

तुम्ही एसीचं जे लिहिलंय ते फार कामाचं आहे. एसी लावल्यावर आयडलिंग सुधारतं म्हणजे इंजिनाला हवा जास्त मिळतेय आणि कंप्रेसरचा लोड ती जास्तीची खाऊन टाकतोय. कामाच्या आधी एसी लावल्यावर आरपीएम पडायचा, तेव्हा हवा कमी होती. म्हणजे प्रॉब्लेम अगदी उलट बाजूला गेलाय, जुनाच वाढलाय असं नाही.

धायरी_फाटा

काका, ताई, मनापासून आभार. गाडी गेटबाहेर मोकळ्यात नेऊन लर्निंग केलं. थोडा फरक पडला, थंड असताना आता १५०० दाखवते, पण गरम झाल्यावर वरखाली चालूच आहे, एसी बंद असताना.

नळ्या पण दाबून बघितल्या. बूस्टरची दाबली, काही नाही. पर्जची दाबली, काही नाही. पीसीव्हीची मधोमध पक्कडीने दाबली, तिथेही आरपीएम जराही हलला नाही. एअर फिल्टरचा डबा परत उघडून बसवला, चारही क्लिपा लागल्यात, थ्रॉटलकडे जाणाऱ्या जाड पाईपचा क्लॅम्प घट्ट आहे.

स्कॅनर मित्राकडून आणला. पेंडिंगमध्ये पी०५०७ आहे, म्हणजे आयडल आरपीएम अपेक्षेपेक्षा जास्त. लाँग टर्म ट्रिम +३, शॉर्ट टर्म शून्याच्या आजूबाजूला हलतोय. म्हणजे ट्रिम तर नॉर्मल आहेत. मी वाचलं होतं की व्हॅक्यूम लीक (कुठल्यातरी फटीतून हवा आत शिरणं) असेल तर ट्रिम खूप वर जातो. मग लीक नाहीच का?

कर्वेनगर_कट्टा

नळ्या दाबून झाल्या, ट्रिम नॉर्मल, लर्निंग झालं. राहिलं काय मग, थ्रॉटल बॉडीच ना? नाना पेठेत सेकंडहँड चांगली मिळते, बघा. ई२०चं माझं मत कायम आहे.

चाकण_शिफ्ट

थांबा, अजून काही विकत घेऊ नका.

आधी ई२०चं, कारण तुमची शंका अगदीच बिनबुडाची नाही. इथेनॉलमध्ये ऑक्सिजन असतो, त्यामुळे तेवढ्याच हवेला पेट्रोल जास्त द्यावं लागतं. शुद्ध पेट्रोलला हवेचं प्रमाण साधारण १४.७ ला १, ई१०ला १४.१, ई२०ला १३.५ च्या आसपास. ई१०साठी ट्यून केलेल्या गाडीत ई२० टाकलं तर ट्रिम चार-पाच टक्के वर सरकतो आणि तिथे बसतो, ईसीयूला तेवढी दुरुस्ती सहज जमते. जुन्या गाडीत रबराच्या पार्टांवर आणि मायलेजवर काय होतं तो वेगळा विषय आहे, त्यावर मीही काळजीत आहे. पण इथे ट्रिम +३ आहे आणि हंटिंग एका रविवारी सुरू झालंय. पेट्रोलने हे होत नाही.

आता मुद्द्याचं. ट्रिम नॉर्मल म्हणजे लीक नाही हे सगळ्या गाड्यांना लागू होत नाही, आणि इथेच बरेच लोक फसतात. ज्या गाडीत एअर फिल्टरनंतर पाईपमध्ये मास एअर फ्लो सेन्सर असतो, मॅफ म्हणतात तो, तिथे ईसीयू त्या सेन्सरवरून गेलेली हवाच मोजतो आणि तेवढंच पेट्रोल सोडतो. पुढे कुठे फट असेल तर तिथून शिरलेली हवा मोजलीच गेली नाही, मिश्रण पातळ झालं, ऑक्सिजन सेन्सरने ते पकडलं, ट्रिम आयडलिंगला +१५, +२० चढतो, रेस केली की उतरतो, आणि पी०१७१ (मिश्रण पातळ असल्याचा कोड) येतो. तुम्ही वाचलंत ते या गाड्यांबद्दल.

आपल्याकडच्या बऱ्याच छोट्या पेट्रोल गाड्यांमध्ये मॅफ नसतो. इनटेक मॅनिफोल्डवर, म्हणजे थ्रॉटलपासून सिलेंडरपर्यंत हवा नेणाऱ्या भागावर, मॅप सेन्सर असतो आणि तो मॅनिफोल्डच्या आतला दाब मोजतो. फटीतून आलेली हवा पण शेवटी मॅनिफोल्डमध्येच येते, दाब वाढतो, सेन्सर तो बरोबर दाखवतो, ईसीयू त्या हिशोबाने पेट्रोल पण वाढवतो. मिश्रण जागेवर, ट्रिम शांत, आणि हवा पेट्रोल दोन्ही वाढल्यामुळे आरपीएम मात्र चढतो. म्हणजे अशा गाडीत लीकचं पहिलं लक्षण ट्रिम नसतंच, चढलेलं आयडलिंग असतं. पी०५०७ त्याच्याशी जुळतो.

मग चढून तिथेच का थांबत नाही, वरखाली का होतं? कारण ईसीयू थ्रॉटल जेवढा बंद करता येतो तेवढा करतो. दार घट्ट लावलं आणि मागची खिडकी उघडी राहिली तर वारा थांबत नाही तसं, हवा येतच राहते. आरपीएम १५००-१६००च्या वर गेला आणि पेडलवर पाय नाही, तर ईसीयूला वाटतं गाडी उतारावरून गिअरमध्ये सुटलीये, आणि अशा वेळी तो पेट्रोल पूर्ण बंद करतो, मायलेजसाठी तसंच प्रोग्रॅम केलेलं असतं. पेट्रोल बंद, आरपीएम कोसळला, हजाराच्या खाली गेल्यावर इंजिन बंद पडू नये म्हणून पेट्रोल परत चालू, परत चढला. हेच चक्र. एसी लावला की लोडमुळे आरपीएम त्या वरच्या मर्यादेपर्यंत पोचतच नाही, म्हणून चक्र तुटतं.

मला आता हे आकडे द्या. एक, चावी ऑन, इंजिन बंद, तेव्हा मॅप किती? तेव्हा तो बाहेरच्या हवेचा दाब दाखवतो. नेटवर १०१ किलोपास्कल लिहिलेलं असतं ते समुद्रसपाटीचं, मुंबईत तसं दिसेल. पुणे साधारण ५६० मीटर उंचीवर आहे, इथे ९४-९५ यायला पाहिजे, पावसाळ्यात एखादा अजून कमी. हा आकडा १०१ नाही म्हणून चांगला सेन्सर बदललेले लोक आहेत, म्हणून सांगते. दोन, गरम इंजिन, एसी बंद, मॅप किती? तीन, तेव्हाच रिलेटिव्ह थ्रॉटल पोझिशन (थ्रॉटल किती उघडलाय) आणि इग्निशन टायमिंग (प्लगची ठिणगी किती आधी पडते). आणि फिल्टरनंतरच्या पाईपवर वायरवाला सेन्सर आहे का तेही बघा.

धायरी_फाटा

ताई, हे असं कोणी समजावून सांगितलं नव्हतं. पाईपवर कसलाही सेन्सर नाही, मॅनिफोल्डवर छोटा एक आहे. आकडे:

इंजिन बंद, चावी ऑन, मॅप ९४.
गरम, एसी बंद, मॅप एका जागी थांबत नाही, ४० ते ५५ फिरतोय.
एसी लावल्यावर ५१-५२ला स्थिर.
रिलेटिव्ह थ्रॉटल ० ते १ टक्का.
टायमिंग बराच वेळ शून्याच्या खाली.

चाकण_शिफ्ट

९४ म्हणजे सेन्सर खरं बोलतोय. असं गरम निरोगी इंजिन पुण्यात एसी बंद असताना ३० ते ३८च्या मधे कुठेतरी स्थिर असायला हवं. थ्रॉटल शून्यावर बंद, टायमिंग मागे ओढलेलं, म्हणजे ईसीयूच्या हातात जेवढं आहे तेवढं त्याने करून झालंय, तरी हवा येतेय. थ्रॉटल बॉडी अडकून उघडी राहिली असती तर पोझिशन शून्याला आली नसती. तेव्हा ती बदलू नका. हवा थ्रॉटलच्या पुढून कुठून तरी येतेय, मॅनिफोल्डच्या बाजूने.

नळी दाबायच्या चाचणीबद्दल एक विचार करा. नळी मधोमध दाबली की दाबलेल्या जागेपासून पलीकडे जे आहे तेवढंच बंद होतं. पक्कड आणि मॅनिफोल्ड यांच्यामधल्या तुकड्यात तडा असेल, म्हणजे अगदी मॅनिफोल्डच्या निपलवर जिथे नळी चढते तिथे, तर मधोमध दाबून काहीही फरक पडणार नाही. त्यामुळे पीसीव्ही, पर्ज, बूस्टर, तिन्ही नळ्यांची मॅनिफोल्डकडची टोकं अजून तपासायची राहिलीत असं धरा. थ्रॉटल बॉडीची सील आणि मॅनिफोल्डचं गास्केट पण. पाण्याचा फवारा तिथे मारा.

आणि हे सापडेपर्यंत गाडी लांब नेऊ नका, विशेष करून कात्रजच्या नव्या बोगद्यापासून नवले पुलाकडचा तो उतार. ब्रेकचा बूस्टर याच मॅनिफोल्डच्या व्हॅक्यूमवर चालतो. ९४ वजा ३४ म्हणजे ६०चा फरक मिळायला पाहिजे तिथे तुम्हाला ४२-४३ मिळतोय. एकदा ब्रेक दाबलात तर कळणार नाही, पण उतारावर वारंवार दाबत राहिलात तर पेडल जड होत जाईल, वर इंजिन ब्रेकिंग पण कमी. घरात कोणी दुसरं चालवत असेल तर त्यांनाही सांगा.

पाना_पक्कड

ताईंनी बरोबर पकडलंय, मधोमध दाबायचं मीच सांगितलं होतं, त्यात टोकाचं राहतं हे खरंय.

दादा माझा अंदाज पीसीव्हीच्या नळीवर आहे. तुमच्या गाडीसारख्या इंजिनात थ्रॉटल बॉडी बाहेर काढायची तर ती नळी ओढून बाजूला करावीच लागते. दहा वर्षं ऑइलची गरम वाफ खाऊन ते रबर कडक होतं, वरून हात लावला तर चांगलं वाटतं, पण निपलवरून ओढताना खालच्या बाजूने चिरतं, उभा तडा जातो. वरून बघून कधीच दिसत नाही. छोटा आरसा आणि मोबाईलचा टॉर्च घेऊन खालून बघा, नाहीतर इंजिन थंड असताना टोकाच्या खालून नख फिरवा, तडा असेल तर लागतो. नळी न काढता आधी असं बघा, कारण काढलीत तर अजून फाटेल आणि मग आधी फाटलेली का आता, कळायचं नाही.

एक झटपट गोष्ट पण आहे, इंजिन चालू असताना टोकाला बोटाने चारी बाजूंनी घट्ट दाबून धरा. फक्त फॅन आणि बेल्टपासून हात, बाही, गळ्यातलं काही असेल ते लांब ठेवून.

धायरी_फाटा

सापडलं!!

पीसीव्हीच्या नळीचं मॅनिफोल्डकडचं टोक, बरोबर खालच्या बाजूने, क्लिपच्या आतपासून बाहेरपर्यंत साधारण दीड सेंटीमीटरचा उभा तडा. आरशात दिसला. बाटलीने पाणी मारलं तर आरपीएम १६००वरून खाली आला आणि लगेच परत वर गेला, बोटांनी आवळून धरलं तर ८५०ला येऊन थांबला, मुलगा आत बसून काटा बघून ओरडत होता. इतकी साधी नळी आणि माझ्या डोक्यात नवीन थ्रॉटल बॉडीच्या खर्चाचे हिशोब चालू होते.

नाना पेठेतून पार्ट नंबर सांगून ओरिजिनल नळी आणली, दोन्ही टोकांना नवीन क्लिपा, सोबत थ्रॉटल बॉडीची सील पण घेतली. बसवून चालू केली तर हंटिंग पूर्ण गेलं, पण आयडलिंग अजून ८०० आणि कधी ६०० असं जरा ढिलं वाटतंय, क्लच दाबून सिग्नलला येताना एकदा बंद पण पडली. हे का? अजून काही राहिलंय का?

चाकण_शिफ्ट

छान! आणि काही राहिलेलं नाही बहुतेक. तुम्ही लर्निंग केलं तेव्हा तडा होता. ईसीयू त्या जास्तीच्या हवेसकट शिकला की थ्रॉटल जवळजवळ बंद ठेवला तरच आयडलिंग जमतं. आता खिडकी बंद झाली आणि तो अजून त्याच शिकवणीवर चाललाय, म्हणून हवा कमी पडतेय. पेंडिंग कोड क्लिअर करा आणि काकांनी सांगितलेली लर्निंगची पद्धत पहिल्यापासून परत करा, मग थोडं शहरात चालवा, थांबत थांबत, एसी लावून आणि बंद करून.

कोणाला पुढे उपयोग होईल म्हणून लिहिते, लर्निंग नेहमी लीक बंद केल्यावर. आधी केलं तर दुरुस्तीनंतर गाडी उलट्या बाजूने बिघडल्यासारखी वाटते आणि माणूस चांगला बसवलेला पार्ट परत काढतो.

धायरी_फाटा

झालं ताई. लर्निंग परत केलं, सिंहगड रोडने स्वारगेटपर्यंत जाऊन आलो, भर ट्रॅफिकमध्ये. गरम, एसी बंद, ७५० आरपीएम, मॅप ३३-३४, काटा चिकटवल्यासारखा. एसी लावला की ८५०, मॅप ४१. टायमिंग ८-१०च्या आसपास. ज्या थरथरीसाठी हे सगळं काम काढलं होतं ती पण गेली. ब्रेक पेडल पण हलकं लागतंय, आधी जड झालेलं हे आता कळतंय.

काका, तुम्ही स्क्रूला हात लावू नका म्हणालात त्याबद्दल वेगळे आभार, कारण शेजारच्यांनी अगदी तेच सुचवलं होतं.

कर्वेनगर_कट्टा

अभिनंदन. मेहुण्याच्या गाडीचा मॅप बघायला सांगतो आता. स्कॅनर कुठलाही चालेल का?

चाकण_शिफ्ट

मॅप, ट्रिम, थ्रॉटल, टायमिंग हे स्टँडर्ड ओबीडीमध्ये येतात, कुठलाही साधा स्कॅनर दाखवतो. फक्त गाडी ओबीडी २ असली पाहिजे, आपल्याकडे बीएस४ गाड्यांना एप्रिल २०१३ पासून ते बंधनकारक झालं. त्याआधीच्या काही गाड्यांत चालतो, काहींत कनेक्ट होत नाही.

बिबवेवाडी_१९

सगळा धागा वाचला, माझ्याकडे पण अशीच नळी कडक झालीये, तडा दिसत नाही पण बदलून टाकावी म्हणतोय. हार्डवेअरच्या दुकानात तेवढ्याच मापाचा सिलिकॉनचा पाईप मीटरवर मिळतो, गरमला टिकतो म्हणतात. तो टाकला तर चालेल का? ओरिजिनल नळी वळणाची आहे आणि दुकानदार म्हणतो मागवावी लागेल.

पाना_पक्कड

नका टाकू दादा. सिलिकॉन उष्णतेला टिकतो पण ऑइलच्या आणि पेट्रोलच्या वाफेला नाही, काही महिन्यांत फुगतो, मऊ पडतो आणि टोकाला ढिला होतो. पाण्याचा साधा पाईप तर गरम झाला की व्हॅक्यूमने आत ओढला जाऊन चपटा होतो. चपटा झाला तर आयडलिंग छानच वाटेल, त्यामुळे कळणार नाही, पण इंजिनातली वाफ बाहेर पडायला वाट राहत नाही, आत प्रेशर वाढतं आणि क्रँकचं मागचं ऑइल सील गळायला लागतं. ते काम गिअरबॉक्स उतरवून करावं लागतं. सरळ पाईप वळणावर बसवला तर तिथे मुडपतो, तेही तेच.

मागवायला दोन-चार दिवस लागले तर लागू द्या, जुनी अजून फाटलेली नाही ना. आणि मागवताना पीसीव्ही व्हॉल्व्हची रबरी ग्रोमेट (व्हॉल्व्ह जिच्यात बसतो ती रिंग) पण सोबत सांगा, नळी इतकी कडक झालीये तर तीही झाली असणार, व्हॉल्व्ह काढताना तिचा तुकडा पडून आत गेला तर व्हॉल्व्ह कव्हर उघडावं लागेल. काढायच्या आधी चिमट्याने चारी बाजूंनी सैल करून घ्या.